निखाऱ्यांचा डबा

आमच्या घरी एक कडीचा स्टीलचा डबा आहे. झाकण एका बाजूने चेपलेलं, कडी सैल. त्याला आम्ही निखाऱ्यांचा डबा म्हणतो. आम्ही म्हणजे आई आणि मी. घरात तिसरं कोणी नाही. "निखाऱ्यांचा डबा काढ गो," असं आई म्हणाली की मी समजायचे, आज काहीतरी बरं शिजलंय आणि ते गरम आहे तोवर वरच्या घरी पोचवायचंय. वरचं घर दादाचं, म्हणजे माझ्या चुलतभावाचं. दादा आमचा शत्रू.

शत्रू हा शब्द रोजच्या बोलण्यात कोणी वापरत नाही. शेजारपाजारचे म्हणतात, त्यांचं पटत नाही, त्यांच्यात विस्तव जात नाही. आई मात्र सरळ शत्रू म्हणते. शास्त्रात, म्हणजे बायबलात, तोच शब्द आहे, आणि शास्त्रातल्या सगळ्या सूचना शत्रूसाठी आहेत. न पटणाऱ्या पुतण्यासाठी वेगळी सोय केलेली नाही, असं तिचं म्हणणं.

आम्ही ख्रिस्ती, पणजोबांपासूनचे. रत्नागिरीत आमची मंडळी मूठभर. सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि दर रविवारी उपासनेला एकाच छपराखाली बसतात. त्यामुळे आमच्यात भांडण झालं तर ते टाळायला जागा नसते. दादा आमच्या पुढे दोन बाकं सोडून बसायचा. गाताना त्याचा आवाज सगळ्यात मोठा. आई म्हणायची, "बघ, देवाला ऐकू येत नाही असं वाटतं त्याला."

डब्याचं मूळ एका वचनात आहे. तुझा शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाल, तहानेला असेल तर पाणी दे. असं केलंस म्हणजे त्याच्या डोक्यावर तू निखाऱ्यांची रास करशील, अशा अर्थाचं. नीतिसूत्रांत आहे आणि पुढे नव्या करारातही तेच परत आलंय. ऐकणारे बहुतेक जण जेवू घालण्यापाशी थांबतात आणि मान डोलावतात. आईला निखारे पटले होते. आपली वाट अडवून बसलेल्या माणसाला ओल्या काजूंची उसळ पाठवायची, त्याने ती खायची, आणि वरून देवाने त्याचं डोकं भाजायचं. तिच्या मते हा हिशेब स्वच्छ होता. शिव्या देण्यापेक्षा बरा, आणि कोणी नावही ठेवू शकत नाही.

शत्रू त्यांचे, फेऱ्या माझ्या. डबा न्यायचं काम कायम माझ्याकडे. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्याचं स्टोअर मी आयुष्यभर सांभाळलं. दिवसभर उभं राहून घरी यायचं आणि हातपाय धुण्याआधी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं घेऊन चढ चढायचा. मला कधी कोणी विचारलं नाही की तुझा कोणी शत्रू आहे का. असला तरी त्याच्यासाठी मी एवढी पायपीट केली नसती.

भांडणाचं कारण म्हणजे वाट. आजोबांना मिळालेली जागा उतारावर आहे. वरचा भाग मोठ्या काकांचा, खालचा बाबांचा, आणि रस्ता सगळ्यात वर. खालून रस्त्याला लागायचं तर वरच्या आवारातूनच जावं लागतं. पिढ्यान् पिढ्या ती वाट होती, बैलगाडी यायची, नंतर रिक्षा यायची. मोठे काका गेल्यावर दादाला त्याचा भाग विकायचा होता. बाबांची सही लागत होती आणि बाबांनी ती दिली नाही. बाबाही काही कमी हट्टी नव्हते, हे मी आईसमोर बोलत नाही. मग एका दिवाळीच्या सुट्टीत दादाने चिऱ्याचे ट्रक आणले आणि वाटेवर छातीएवढा गडगा, म्हणजे दगडी बांध, घातला. माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट ठेवली. मोजणीवाले आले तेव्हा त्याने त्यांना सांगितलं, इथे वाट कधी नव्हतीच. त्याच वाटेने तो बाबांच्या खांद्यावर बसून शाळेत गेलेला होता.

कोर्टात तारखा पडत राहिल्या आणि मध्येच बाबा गेले.

शवपेटी त्या फटीतून जाईना. उभी केली असती तर गेली असती, पण माणसाला असं उभं करून कसं न्यायचं? शेवटी खालच्या चौघांनी पेटी डोक्यावर घेतली आणि गडग्यावरून पलीकडे सरकवली. पेटी एका अंगाला कलली तेव्हा आतून काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. आणि पलीकडे ती धरायला कोण होतं, तर दादा. पांढरा शर्ट घालून, डोळे लाल करून, त्याने बाबांना खांद्यावर घेतलं आणि रस्त्यापर्यंत नेलं. ज्याने गडगा घातला त्यानेच खांदा दिला. मला त्या क्षणी त्याची दया आली की संताप, हे अजून ठरवता आलेलं नाही. आईचं मात्र तिथेच ठरलं. "त्याने गडगा घातला ते मी एक वेळ सोडलं असतं," ती म्हणायची, "पण तो रडला. तेवढा त्याला अधिकार नव्हता."

तेव्हापासून आईने प्रभुभोजन घेतलं नाही.

हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे बोटभर प्याले फिरतात. त्याआधी पाळक सांगतात, कुणाशी वैर असेल तर आधी ते मिटवा, मग या. बहुतेक लोक खाली बघतात आणि घेतात. आई घेत नसे. ताट आलं की ती दोन्ही हातांनी धरायची आणि शेजारणीकडे द्यायची. मनात नसताना घेतलं तर ते आपल्यालाच बाधतं, असं तिला तिच्या आईने शिकवलं होतं. दादा घ्यायचा, दर वेळी. आई त्याच्या पाठीकडे बघत बसायची.

तिला भूक नव्हती असं नाही. ताट पुढे गेल्यावर ती पदराने ओठ टिपायची, ते मी पाहिलेलं आहे.

डब्याचा आणखी एक घोळ होता. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. वहिनी, म्हणजे दादाची बायको, रीतीभाती पाळणारी. आमची उसळ गेली की डब्यातून फणसाची सांदणं यायची. सांदणांवर आम्ही बांगड्याचं तिखलं पाठवायचो, त्यावर आंब्याचं साठं यायचं. दोन्ही घरांत बोलणं बंद आणि खाणं मात्र असं की बाहेरच्याला वाटावं, काय प्रेम आहे. एका नाताळात मी करंज्या घेऊन त्यांच्या मागच्या दाराशी उभी होते. वहिनी आत डबा भरत होती. आतल्या खोलीतून दादाने तिला विचारलं, "खाली निखारे गेले काय?"

मी घरी येऊन आईला सांगितलं. तिने डबा पुढे ओढून झाकण काढलं. मग म्हणाली, "त्याला कुणी शिकवलं ते ठाऊक आहे ना? ह्यांनीच. संडेस्कूलमध्ये. पाठ म्हणून दाखवलं तेव्हा बक्षीस पण दिलं होतं." त्या दिवशी मला एवढं हसू आलं की चहा सांडला. आईला हसू आलं नाही. तिने डब्यातलं नारळाचं दूध घातलेलं काहीतरी खाल्लं आणि म्हणाली, बरं झालंय.

असा तो डबा वर्षानुवर्षं खालीवर करत राहिला. दोन्ही डोक्यांवर निखारे साठले असतील तर देव जाणे. मला ते दिसत नव्हते, मला फक्त चढ दिसायचा.

शास्त्र वाचणाऱ्याला एक सोय असते, जे हवं ते मिळतं. आई वकिलासारखी कलम काढून दाखवायची. एकीकडे म्हटलंय, शत्रूवर प्रीती करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा. दुसरीकडे, देवा, त्यांचे दात पाड. शत्रूचा बैल किंवा गाढव चुकलेलं दिसलं तर त्याच्या घरी नेऊन पोचव, असंही आहे; आणि माझ्या शत्रूंच्या देखत तू मला पान वाढतोस, असंही आहे. हे शेवटचं तर आम्ही लहानपणी किती गोड चालीवर म्हणायचो. मोठेपणी कळलं की त्यात शत्रू उपाशी उभे आहेत आणि आपण जेवतोय. मी एकदा आईला म्हटलं, "एवढ्या तऱ्हा सांगितल्यात, तर खरं कुठलं?" ती म्हणाली, "सगळंच खरं. म्हणून तर माणूस थकतो."

सकाळचा चहा झाला की ती एक स्तोत्र मोठ्याने म्हणायची. तिला आता धड दिसत नाही, पण स्तोत्रं पाठ आहेत. ती नेमकी शापांची स्तोत्रं निवडायची. खोटं बोलणारे ओठ मुके होवोत, अशी एक ओळ तिला फार आवडायची. तेवढी ओळ ती दोनदा म्हणायची. ज्या ओळीत शत्रूची पोरं भीक मागोत असं येतं ती गाळायची. "पोरांनी काय केलंय?" पोरांना तिने खांद्यावर खेळवलेलं होतं. म्हणजे शाप देतानाही ती डाळीतले खडे काढावे तसं निवडून टाकायची.

एकदा मासेवाली दारात टोपली उतरवून बसली होती. तिने ते सगळं ऐकलं आणि मला विचारलं, "म्हातारी गाऱ्हाणा घालताय काय? तुमच्यात पण नारळ ठेवतात?" मी म्हटलं, आमच्यात नारळ नसतो. ती म्हणाली, "मग देवाला कळणार कसं, कोणाचा ता?" आईला ते बिलकूल आवडलं नाही. देवळात नारळ ठेवून दुसऱ्याचं वाईट चिंतणारे वेगळे आणि आपण वेगळे, असं ती जन्मभर मानत आली होती. त्या दिवशी मासे तिने घासाघीस न करता घेतले.

पुढे आईचे पाय गेले. मग हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता जपायचं, किती ते सांगता येणार नाही. रिक्षा दारात येत नाही, फटीतून खुर्ची जात नाही, म्हणून तिचं उपासनेला जाणं संपलं. मग पाळक महिन्यातून एकदा घरी यायला लागले. तरुण माणूस, कोल्हापूरकडचा, आमच्या बोलण्यातले हेल ऐकून गालात हसायचा. त्याच्याकडे एक छोटी पेटी असायची, आत चार प्याले, एक बाटली, डबीत भाकर. तो ती टेबलावर उघडायचा आणि विचारायचा, "आजी, काय म्हणताय? आज घेऊया?"

"अजून नाही," आई म्हणायची.

तो पेटी बंद करायचा. तिला घ्यायचं होतं. तो गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडायची आणि मला म्हणायची, "असंच जाईन की काय गो मी, न घेता?" मी म्हणायचे, घे ना मग, कोण बघतंय. "मी बघतेय ना," ती म्हणायची.  मी उठून भांडी घासायचे. कंटाळा, दुसरं काय. माझी आई एका गडग्यापायी उपाशी मरणार होती आणि तो गडगा मला एकटीला पाडता येण्यासारखा नव्हता, त्याच्या अंगणातला नाही आणि हिच्या मनातलाही नाही.

एकदा पाळकांनी तिला समजावून पाहिलं. निखाऱ्यांचा अर्थ वेगळाही सांगतात, ते म्हणाले. पूर्वी कुणाच्या घरची चूल विझली की तो शेजाऱ्याकडे विस्तव मागायला जायचा आणि भांड्यातून डोक्यावर घेऊन यायचा. तेव्हा डोक्यावर निखारे देणं म्हणजे त्याची चूल पेटती ठेवणं. ती शिक्षा नव्हे, मदत आहे आजी.

"म्हणजे इतकी वर्षं मी त्याला मदतच केली?" आई म्हणाली.

ती पुढचे दोन दिवस पाळकांवर चिडून होती. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना आपणहून बोलली. लग्न होऊन आली तेव्हा तीही वरच्या घरी जावेकडे विस्तव मागायला जायची, करवंटीत. "कधी नाही म्हणाली नाही तुझी मोठी काकी," आई म्हणाली. "पण द्यायची तो राखेतला. घरी येईपर्यंत विझायचा."

गेल्या उन्हाळ्यात, आंबा उतरायचे दिवस होते, वहिनीची हाक आली. आम्हाला ती कधी हाक मारत नसे. मी फटीतून वर धावले. दादा अंगणात आंब्याच्या पेट्यांपाशी बसलेला, एक हात लोंबता, तोंड एका बाजूला ओढलेलं. माझ्याकडे बघून काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. रिक्षात मी त्याचं डोकं धरलं होतं. दवाखान्यात त्यांनी सांगितलं, जीव वाचेल, उजवी बाजू गेली, आणि वाचा परत येईल असं सांगवत नाही.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "शत्रू पडला तर आनंद करू नये. शास्त्रात आहे."

"नको करूस," मी म्हटलं.

"पुढचं ठाऊक आहे तुला? आनंद केलास तर देवाला ते आवडत नाही आणि तो त्याच्यावरचा राग काढून घेतो." तिने पायावरची चादर सारखी केली. "म्हणजे आपण गप्प बसायचं ते त्याला नीट शिक्षा व्हावी म्हणून? की आपलं मन चांगलं राहावं म्हणून?"

मी दमले होते. माझ्या साडीला दादाच्या तोंडातून गळलेली लाळ लागली होती. मी म्हटलं, "आई, तुला आनंद झालाय का, एवढंच सांग." ती म्हणाली, "नाही गो." आणि जेवली नाही.

दुसऱ्या सकाळी तिने स्तोत्र म्हटलं नाही. तिसऱ्याही नाही. मला बरं वाटलं, घर शांत होतं. मग एकदा तिचे केस विंचरत होते तेव्हा ती एकदम म्हणाली, "मी जीभच मागितली होती."

मला कळलं नाही.

"ओठ मुके होवोत म्हणून रोज म्हणत होते ना मी. दोनदा म्हणत होते. बाकी त्याचे हात, पाय, पैसा, काही मागितलं नाही. जीभ मागितली आणि जीभच गेली."

मी म्हटलं, त्याला बीपी होतं, गोळ्या घेत नव्हता, तुझ्या म्हणण्याने काय होतंय. तिने ते कानावर घेतलं नाही. "रात्री झोपताना मी दुसरं पण म्हणायचे. त्याचं बरं कर म्हणून. मनात नसलं तरी म्हणायचे, सांगितलंय म्हणून. दोन्ही म्हणत होते गो मी इतकी वर्षं. त्याने नेमकं हेच का ऐकलं?" तिचे खांदे हलत होते. मी फणीतले केस काढले आणि तिची वेणी घालत राहिले. 

दादाला घरी आणलं त्या दिवशी आईने मला पेज करायला सांगितली. जुन्या तांदळाची, मऊ, मीठ कमी. मी ती डब्यात भरून वर दिली. संध्याकाळी वहिनी स्वतः डबा घेऊन फटीपाशी आली. डबा घासलेला, पुसलेला आणि रिकामा.

"बाय, काकींना सांग हां," ती म्हणाली. तिचे डोळे झोपेविना सुजले होते. "आज द्यायला काय नाय माझ्याकडे. दोन दिवस धड काय शिजलंच नाय. त्यांच्या घशाखाली काय उतरत नाय, सगळं बाहेर येतं."

मी डबा आईच्या मांडीवर ठेवला. तिने झाकण उघडलं, आत हात घातला आणि बोटांनी तळ चाचपला. त्या डब्याला रिकामं यायची सवय नव्हती. तिने झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं.

"मला वर न्या," ती म्हणाली.

"कशी नेऊ?"

"ह्यांना नेलं तशी."

दादाचा मुलगा मुंबईहून आला होता. तो आणि नाक्यावरचा रिक्षावाला, दोघे खाली आले. आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि पदराने खुर्चीला बांधलं. गडग्यापाशी येऊन त्यांनी खुर्ची उचलली, वर टेकवली, मग एकाने पलीकडे जाऊन धरली. मधला थोडा वेळ आई गडग्यावर एकटी होती, खुर्चीचे दोन पाय चिऱ्यावर आणि दोन हवेत. तिने डोळे मिटून माझं मनगट धरलं होतं. पलीकडून वहिनीने तिचे पाय सावरले. पोरगा पुटपुटला, "आजी, उद्या दोन थर काढून टाकतो." आई डोळे न उघडता म्हणाली, "तू हात लावायचा नाही. ज्याने घातला तो काढील."

दादा खिडकीपाशी कॉटवर होता. एवढा मोठा माणूस उशीत बुडून गेलेला. आईला बघून त्याच्या एका डोळ्यातून पाणी यायला लागलं. त्या आजारात असं आपोआपही येतं म्हणतात. मी खात्रीने काही सांगणार नाही. आई त्याच्याशी बोलली नाही. तोही बोलू शकत नव्हता. दोघांनी एकमेकांना काय म्हणायचं ते मी इतकी वर्षं मनात जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काहीही झालं नाही.

वहिनी त्याला पेज भरवायला लागली. चमचा ओठाशी नेला, पेज गालावरून उशीवर गेली. दुसऱ्या चमच्याला ठसका लागला. 

"तसं नाही गो," आई म्हणाली. "मानेखाली हात घाल. जरा उठव. धड आहे त्या बाजूने द्यायचं. दे इकडे."

बाबांना शेवटचे महिने तिनेच भरवलं होतं. खुर्ची कॉटला लावली. तिने चमच्यात पेज घेतली, आधी आपल्या ओठाला लावून बघितली, फुंकर घातली, परत लावून बघितली. मग दुसऱ्या हाताने त्याची हनुवटी चाचपडत शोधली.

"आ कर."

त्याने केला.

"आता गिळ. घाई नाही कसली." तिने दोन बोटं त्याच्या गळ्यावर ठेवली आणि घोट खाली जाईपर्यंत तशीच धरली. "गेला. दुसरा घे." त्याने मध्येच काहीतरी आवाज काढला, कुणालाच कळला नाही. आई म्हणाली, "बोलू नको आता, ठसका लागेल." वाटी संपायला खूप वेळ लागला. माझे पाय दुखायला लागले म्हणून मी दारात उंबऱ्यावर बसले. वहिनी भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपली होती.

पुढच्या वेळी पाळक आले, पेटी टेबलावर ठेवली आणि उघडण्याआधी थांबले. गावात सगळं सगळ्यांना कळतं.

"आजी, माफ केलंत?"

आईने पदर सारखा केला. मला वाटलं, आता पेटी उघडणारच नाही.

"ते मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "कोर्टाची तारीख आहे, ती आहेच. गडगा आहे, तोही आहे. मी भरवत होते तेव्हा घोट खाली जातोय की नाही एवढंच बघत होते. दुसरं काही मनात नव्हतं. तेवढा वेळ तरी नव्हतं. चालत असेल तर द्या, नसेल चालत तर राहू द्या."

तरुण माणूस तो, शिकून आलेला. त्याच्याकडे या प्रश्नाची उत्तरं असणार, दोन्ही बाजूंची. त्याने त्यातलं एकही दिलं नाही. त्याने पेटी उघडली.

आम्ही प्रभूची प्रार्थना म्हटली. जिथे आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली तशी आम्हाला कर असं येतं, तिथे आई नेहमी गप्प व्हायची आणि पुढच्या ओळीला परत सामील व्हायची. त्या दिवशी मी कान देऊन होते. तिचा आवाज अगदी बारीक झाला, पण थांबला नाही. मग तिने भाकरीचा तुकडा तोंडात घेतला आणि कितीतरी वेळ चघळत राहिली. प्याल्यातला शेवटचा थेंब तिने बोटाने टिपून चाटला. पाळकांनी तिकडे न बघता पेटी आवरली.

ते गेल्यावर मी जरा आडवी होणार होते. पाठ मोडून आली होती आणि चढ अजून शिल्लक होता.

"डबा काढ गो," आई म्हणाली. निखाऱ्यांचा असं ती म्हणाली नाही. "आणि पेज गरम गरम नको भरूस. त्याचं तोंड भाजतं."

मी उठले, पेज परातीत ओतली आणि ती निवेपर्यंत ढवळत उभी राहिले.